कौलात न विचारलेलं

रत्नागिरी,
नोव्हेंबर १९८९

प्रिय मालन,

तुझं पत्र वाचून आधी संतापले. तुला दिवस गेलेत, आणि आत्याला कळवतेस ते देवीला कौल लावून झाल्यावर! देवीला लावलेली उजवी कळी पडली, गुरव ‘होणार, बाय, होणार’ म्हणाला, की झालं? त्या बिचाऱ्याला काय ठाऊक, की जहाजावर नोकरीला चढण्याआधीच्या तपासणीत तुझ्या हरिश्चंद्रच्या रक्तात एड्सचा विषाणू निघाला आणि मग तुझ्याही? बाळंतपण सुखरूप होईल का, एवढंच विचारलंत. ते जगेल का, हे विचारायला जीभ रेटली नाही. मी कॉन्व्हेंटात शिकलेली, कौलबिल मानत नाही. पण विचारायचंच तर पुरतं विचारावं.

तुझं नाव न सांगता इथल्या एका डॉक्टरशी बोलले. म्हणाला, ‘अशांना मुलं हवीत कशाला?’ म्हटलं, ‘तुमच्या आईला हे कुणी विचारलं होतं?’ तोंड लालबुंद झालं त्याचं. पण मूल वाचेल का विचारल्यावर एवढंच म्हणाला: काहींना लागण होते, काहींना होत नाही.

निवृत्त झाले तरी माझी इस्पितळातली फेरी चुकत नाही. मध्यंतरी तिथे असाच एक रुग्ण होता. जेवण वाटणाऱ्या आमच्या गंगुबाईने त्याचं ताट पायाने आत सरकवलं. ‘माझी पोरं हायत, बाय,’ म्हणाली. मी तिला सगळ्यांदेखत झाडली. आणि घरी येऊन हात सोलवटेपर्यंत साबणाने घासले. मी तर नुसती दारात उभी होते गं! जन्मभर नर्स होते, तरी ही गत.

पत्राच्या तळाशी, हरिश्चंद्रच्या नमस्काराखाली, तू बारीक अक्षरात लिहिलंस, ‘आमच्यामागे त्याला घेशील?’ म्हणजे जे देवीला विचारवलं नाही, ते माझ्यापुढे ठेवलंस. मालन, मला त्या मुलाची भीती वाटते. त्याहून जास्त भीती वाटते ती तुम्ही दोघं जाल आणि साठी उलटलेली मी मागे उरेन याची. तरी काल सुताराला बोलावून झोपाळ्याची झिजलेली कडी बदलून घेतली. पाळणाही तिलाच टांगता येईल. बाळंतपणाला इकडेच ये. तिकडची सुईण हात लावेल, न लावेल. मी लावीन. कापतील माझे हात, पण लावीन.

तुझीच,
विमलाआत्या