पाचव्या कापडावरचं नाव

११ ऑगस्ट १९८६

घाटकोपरला येऊन पोचलो. देवगडच्या हेडमास्तरांशी भांडून निघालो तेव्हा आईने माझ्या तापट डोक्याच्या नावाने कपाळ बडवून घेतलं होतं. आता तिला कळवायला हवं की झालं ते बरंच झालं. टेकडीच्या पायथ्याशी खोली मिळाली आहे, झकास. खिडकीतून मैदान दिसतं. जेवण शेजारच्या जानकीबाईंकडे. बाई मालवणकडच्या, बोलतात कमी, पण बांगड्याचं तिखलं असं करतात की ताट चाटून घ्यावं. नव्या शाळेच्या मस्टरवर सही केली: मार्तंड धोंडिराम पालव. इतिहास आणि मराठी, सातवी ब.

१४ ऑगस्ट

मैदानावरच्या गणपती मंडळाचे अध्यक्ष राजारामशेठ येऊन गेले. इमारती बांधतात, बोटात चार अंगठ्या. यंदा देखावा इजिप्तचा, आणि टेपवरचं निवेदन मी करायचं. पिरॅमिड सगळेच दाखवतात, म्हणून मी त्यांना राजांच्या दुसऱ्या पुरण्याची हकिगत सांगितली. चोरांनी थडगी फोडली तेव्हा पुजाऱ्यांनी मेलेले फारो बाहेर काढले, पुन्हा गुंडाळले आणि दुसरीकडे लपवले. रामसेसला तर आधी त्याच्या बापाच्याच थडग्यात ठेवला. शेवटी कितीतरी राजे एका भुयारात दाटीवाटीने. कापडावर शाईने तारीख, राजाचं नाव आणि पुरणाऱ्याचं नाव. जाताजाता अंगावरचं सोनं मात्र पुजाऱ्यांनीच काढून घेतलं. शेठ यावर खूप हसले.

थडग्यात उतरायच्या पायऱ्या खऱ्या खोदा, असा हट्ट मीच धरला.

१९ ऑगस्ट

पायऱ्या खोदताना पाच गाठोडी निघाली. हातभर लांबीची. एकाचं कापड सुटलं आणि सगळे मागे सरले.

जानकीबाई धावत आल्या. मग कळलं. हे मैदान म्हणजे तान्ही बाळं पुरायची जागा. दहा वर्षांपूर्वी शेठनी कुणाला न विचारता तिच्यावर रोलर फिरवला. पाचव्या गाठोड्याची पिवळी किनार बाईंच्या लुगड्याची. त्यांचा मुलगा त्याच वर्षी, जन्मल्यावर दहाव्या दिवशी गेला, बारशाला दोन दिवस उरले होते.

मी शेठना म्हटलं, ह्यांना नीट जागा द्या. ते म्हणाले, “ज्याला नावच नाय त्याला जागा कसली देऊ, मास्तर? उद्या माझा ट्रक देवनारला कचरा टाकायला जातोय, त्यात टाका.” बाईंच्या तोंडावर म्हणाले. माझं डोकं फिरलं.

२० ऑगस्ट

शाळेला दांडी मारली. पहाटेच गाठोडी उचलली, नव्या मांजरपाटात गुंडाळली आणि देखाव्यातल्या प्लायवुडच्या शवपेटीत लपवली. पुजाऱ्यांनी केलं तेच. चार कापडांवर राजांची नावं लिहिली: अहमोस, थुतमोस, सेती, रामसेस. घ्या नावं. पाचव्याचं नाव काय ठेवू, असं बाईंना विचारलं. त्यांना सुचेना, नुसत्या रडत राहिल्या. मी रागाच्या भरात माझंच ठोकून दिलं. मार्तंड. बाईंनी कापडावर हात फिरवला आणि दहा वर्षांनी बारसं केलं.

शेठना सांगितलं, गाठोडी ट्रकमध्ये टाकली. खोटं बोलल्याचं काडीचं वाईट वाटलं नाही.

२४ ऑगस्ट

मंडळाचं पत्रक छापून आलं. ‘निवेदन’ या शब्दापुढे कोरं. शेठचाच हलकटपणा. जाऊन चांगला झापला. ते म्हणाले, नाव दिलं होतं, पण काय दिलं ते आठवत नाही. वर माझ्याकडेच बघत राहिले.

२७ ऑगस्ट

निवेदनाची टेप ऐकली. माझाच आवाज. “मी” म्हणतो, मग खरखर, मग “सादर करतो”. मस्टरवर माझी ओळ नाही. सह्या होत्या तिथे कोरा कागद. क्लार्कवर ओरडलो. तो अदबीने म्हणाला, आपण कोणाकडे आलात?

हे शेठचं काम नाही. शेठचा हात इतका लांब नाही.

२९ ऑगस्ट

दुपारी मंडपात गेलो. राजांची चारही नावं पुसली गेली आहेत. मेलेल्यांची उतरलेली नावं, ती कशी टिकणार. पाचवं ठसठशीत.

जानकीबाई पेटीजवळ बसून हाक मारत होत्या, मार्तंडा, मार्तंडा. मी ओ देणार, तेवढ्यात पेटीतून कोणीतरी ओ दिली. बारीक आवाज. बाई हसल्या. त्यांना हसताना प्रथमच पाहिलं.

नाव कापून काढायला मी कात्री घेऊन पुढे झालो. त्यांनी हात धरला. म्हणाल्या, “नाव परत घेतल्यात, तर माझो झील परत बिननावाचो होतलो, मास्तरानू.”

कात्री ठेवली. संताप आला, पण कोणावर काढू? नाव मीच दिलं.

१ सप्टेंबर

आईला ट्रंक कॉल लावला. मी तुझा मुलगा, म्हटलं. ती म्हणाली, मला मुलगा नाही — फोन ठेवला — मी रस्त्यात उभा राहून रडलो.

३ सप्टेंबर

सातवी ब. पोरं उठून उभीही राहत नाहीत. पेटीजवळ गेलो की आतून चौघं माझा सदरा ओढतात. त्यांना जिवंत नाव हवंय — मला कळतं — माझ्याकडे दुसरं नाही —

४ सप्टेंबर

गाठोडी पेटीत आहेत, असं शेठना कोणीतरी सांगितलं. ट्रक आणलाय. पेटीसकट देवनारला, म्हणतात. बाई पेटीवर आडव्या पडल्या आहेत — त्यांना ओढतायत —

मी शाई घेतली. पहिल्या कोऱ्या कापडावर लिहिलं. राजाराम. पूर्ण, वडलांच्या नावासकट. दाबून लिहिलं.

ड्रायव्हर शेठना विचारतोय, तुम्ही कोण? शेठनी तोंड उघडलं — मिटलं — परत उघडलं —

आतून ओ आली. दोन आवाज आता.

तिघं उरले. ते ओढतायत. आधी तारीख घालतो, रीतसर, कोणीतरी वाचेल —

दिनांक ४ सप्टेंबर १९८६. घाटकोपर. पाच बाळं, पुन्हा पुरली. पुरणारा