इर्जिकीचं बोलावणं

बाई,

तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायचा तर आधी तुमचं एखादं वाक्य आठवावं लागतं. मी आयर्लंडमध्ये राहते, स्लायगोच्या बाहेर, जिथे रस्ता इतका अरुंद होतो की समोरून गाडी आली तर एकाला मागे जावं लागतं. नवरा इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर होता. तो गेल्याला दोन हिवाळे झाले. मुलगी दक्षिणेला कॉर्क शहरात औषधांच्या कंपनीत आहे. मी गावातल्या लायब्ररीत काम करते. आमच्या वाटेच्या तोंडाशी एका जुन्या घराची एकच भिंत उरली आहे, वर निमुळती होत गेलेली. तिथली माणसं अमेरिकेला गेली, असं समोरच्या घरातले एक म्हातारे शेतकरी सांगतात. अमेरिकेत कुठे, ते त्यांना माहीत नाही. रोज त्या भिंतीजवळून जाताना तुम्ही आठवता असं लिहिलं तर ते खोटं होईल. पण या महिन्यात आठवता आहात.

तुम्ही आम्हाला अमेरिकेतल्या पहिल्या वसाहतींचा पेपर शिकवायचात. अमेरिका तुम्ही पाहिली नव्हती आणि त्याची खंतही नव्हती. मी निबंध लिहिला होता : एक माणूस कुऱ्हाड घेऊन जंगलात शिरतो, झाडं तोडतो, घर उभारतो, हे राष्ट्र अशा माणसांनी बांधलं. तुम्ही त्यावर शेरा लिहिला नाहीत. वर्गाला उठवून मागच्या अंगणात नेलंत. तिथे सायकल स्टँडचं काम चालू होतं आणि सागाचा एक ओंडका पडला होता. मला म्हणालात, "उचल." मी वाकले. तो हललासुद्धा नाही. मुलं हसली, तशी तुम्ही त्यांच्यातल्या तालमीत जाणाऱ्या एकाला पुढे बोलावलंत. त्यानं बाह्या सरसावल्या, एक टोक गुडघ्यापर्यंत आणलं, आणि बोटं सांभाळत सोडून दिलं. मग तुम्ही सगळ्यांना हात लावायला सांगितलंत. ओंडका खांद्यावर आला. "आता सांग, तुझ्या कुऱ्हाडवाल्यानं वरचा वासा कसा चढवला?" तुम्हीच सांगितलंत, शेजाऱ्यांनी चढवला. लांबलांबून लोक यायचे, चार जाणते चार कोपरे धरायचे, बाकीचे ओंडके पोचवायचे, आणि संध्याकाळपर्यंत भिंती उभ्या राहायच्या. मजुरी नाही. जेवण घालायचं आणि पुढच्या वेळी आपण जायचं. तुमच्या आज्ज्याला विचारा, तो याला इर्जिक म्हणेल. ज्याची नांगरट मागे पडली त्यानं सांगावा धाडायचा, मग गाव आपापली बैलं घेऊन त्याच्या शेतात. वर्गात परत आल्यावर तुम्ही दोन गोष्टी लिहून घ्यायला लावल्यात. ती जमीन रिकामी नव्हती, तिच्यावर आधीची माणसं होती. आणि इर्जिकीला न बोलावता कोणी जात नाही.

दुसरी गोष्ट मी परीक्षेपुरती पाठ केली.

नंतर मी तुमच्या घरी यायला लागले. तुम्ही एकट्या. स्वयंपाकघरात एक शेगडी, ओट्यावर पालथं घातलेलं एक ताट. तुम्ही माझ्यासाठी दुसरं ताट वरच्या फळीवरून काढायचात, पुसायचात, मग वाढायचात. बाहेरच्या खोलीत दिवसाही दिवा लावलेला असायचा. सामान आणणाऱ्या हमालांनी लोखंडी कपाट खिडकीसमोर ठेवलं आणि ते तिथेच राहिलं. मी एकदा विचारलं. तुम्ही म्हणालात, "सरकवायला चार माणसं लागतील गं. कुणाला कशाला त्रास." तुम्ही हे इतक्या सहज म्हणालात की मलाही ते सहज वाटलं. मी ताक प्यायले आणि आपण दिव्याखाली वाचत बसलो. बाहेर ऊन होतं.

आता इथलं. वादळ झालं आणि आमच्या कुंपणातलं ॲशचं झाड मुळासकट आडवं झालं. ते वाटेवर पडलं, गाडी आत अडकली. मी झाडं तोडणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, सगळीकडे हेच आहे, महिना तरी लागेल. मी खोडावर चढून पलीकडे उतरायचे, मोठ्या रस्त्यापर्यंत चालायचे आणि बस पकडायचे. समोरचे शेतकरी ट्रॅक्टरवरून जाताना थांबायचे, "सगळं ठीक?" विचारायचे. मी म्हणायचे, "ग्रँड." म्हणजे मजेत. इथे सगळेच तसं म्हणतात. ते बोट वर करून निघून जायचे. घरी आले की मी स्वतःशी म्हणायचे, बघ, दिसतं आहे सगळ्यांना, आणि एकही माणूस येत नाही. परकी माणसं शेवटी परकीच. असं म्हणण्यात एक ऊब असते, बाई. तिच्यावर बरेच दिवस निघतात.

मुलीचा फोन आला. ती माझं मराठी ऐकते आणि इंग्रजीत उत्तर देते, कॉर्कच्या हेलात. घर विकून टाक, म्हणाली, हिवाळ्याआधी इकडे ये. मी म्हटलं, इथे आमची माणसं आहेत. ती मराठीत म्हणाली, "कोण, आई?" मराठीत म्हणाली म्हणून मला लागलं. मला नाव घेता येईना. शनिवारपर्यंत सांगते, म्हटलं. शनिवारपर्यंत वाट मोकळी झाली नाही तर हो म्हणायचं, हे मी फोन ठेवतानाच ठरवलं होतं.

त्या संध्याकाळी चहा करताना तुमचं कपाट समोर आलं. तुमच्या गल्लीत तालीम होती. चार नाही, चाळीस माणसं होती. त्यांच्यातलं कोणी वाईट नव्हतं. तुम्ही सांगावा धाडला नाहीत, एवढंच. आणि आम्ही तुमचे विद्यार्थी, न बोलावता न जाण्याचा नियम पाठ केलेले.

मी पायांत बूट घातले आणि समोर गेले. दार त्यांनीच उघडलं, हातात बटाटे सोलायची सुरी. वाटेत मी वाक्य जुळवत गेले होते, ते तोंडातून निघेना. शेवटी म्हटलं, "माझं झाड पडलंय. मला एकटीला होत नाही."

"पडलं त्या रात्रीच ऐकलं मी," ते म्हणाले. "तुम्ही म्हणालात, ग्रँड."

मी म्हटलं, सगळेच म्हणतात. ते म्हणाले, हो, पण आम्ही ते दारात उभं राहून म्हणतो, पुढचं विचारायला जागा ठेवून; तुम्ही चालता चालता म्हणता. मग त्यांनी समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. दुसऱ्याचं पडलेलं झाड म्हणजे त्याचं सरपण. न विचारता करवत लावली तर ती चोरी. तुमचे यजमान असते तर त्यांनी सांगितलं असतं का? मी म्हटलं, त्यांनीही नसतं सांगितलं. ते हसले. "मग तुम्ही दोघं एकमेकांना शोभत होतात."

शनिवारी ते आले, बरोबर पाच-सहा जण, दोन करवती, एक ट्रेलर. मी पहाटेपासून मसालेभात आणि बटाटेवडे करत होते. इतकं मोठं पातेलं नवऱ्याच्या दिवसांनंतर काढलंच नव्हतं. दुपारी सगळे ओट्याला टेकून, बशा हातात घेऊन जेवले. एकानं भाताचा घास घेतला, डोळे पुसले आणि म्हणाला, हे पोटात असलं की करवतीला पेट्रोल नको. दुसरा म्हणाला, तुला पेट्रोल आणि अन्न यातला फरक कधी कळला? मी वाढत होते. कोणी आभार मानले नाहीत, मलाही मानू दिले नाहीत. जाताना समोरच्यांनी सांगितलं की पुढच्या आठवड्यात त्यांच्याकडे मेंढ्या वेगळ्या करायच्या आहेत, फाटकाशी उभं राहायला माणूस लागेल. मी येईन का, असं त्यांनी विचारलं नाही. किती वाजता, तेवढं सांगितलं.

मुलीला फोन करून नाही म्हणाले. ती विचारत राहिली की नक्की का, आणि मी मेंढ्यांचं सांगितलं. तिला ते कारण वाटलं नाही.

वाट मोकळी आहे. फांद्या गेल्या. सगळे गेल्यावर मी पातेलं घासलं आणि घरात आले, आणि घर कालच्यापेक्षा मोठं झालं होतं. हे तुम्ही वर्गात कधी सांगितलं नाहीत, की भिंती चढवून माणसं आपापल्या घरी परत जातात आणि आत राहणाऱ्याला रात्री राहायचं असतंच. तुम्हाला माहीत असणार. हे पत्र कुठे टाकायचं ते मला माहीत नाही, आणि तुमच्याशिवाय ते कोणाला दाखवण्यासारखं नाही. एवढं मात्र सांगते. झाडाचा जाड बुंधा अजून कुंपणाशी पडून आहे. ते तोही कापायला निघाले होते. मी म्हटलं, राहू दे, ओला आहे, वाळला की पुन्हा बोलावते. शेतकरी म्हणाले, ॲश ओलंही जळतं. माझ्याकडे एकदा पाहिलं. मग करवत बंद करून म्हणाले, बरं, राहू दे. बाई, ओलं जळतं ते मला माहीत होतं.