चमचाभर पाणी

प्रिय रागूबाई,

हे नाव मीच तुला ठेवलं, आणि खरा तापट कोण हे अख्ख्या प्रशिक्षण केंद्राला ठाऊक आहे. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र तुझ्या मैत्रिणीच्या हाती देतोय. फाडायचंच तर वाचून फाड.

तू आरोग्यसेविकेचं प्रशिक्षण सोडून गेलीस त्याला आज पाच दिवस झाले. मी इथला शिपाई, वर्गात खुर्च्या मांडताना तुझीही अजून मांडतो. शिकवणाऱ्या बाई बघतात. मी सरांशी भांडून कॉलेज अर्ध्यावर सोडलं, तेव्हा माझी खुर्ची कुणी मांडली नव्हती.

त्या तोंडी परीक्षेचं सांगतो. कापडी बाहुली हे बाळ, तुझी मैत्रीण बाळंतीण, आणि सासू कमी पडली म्हणून डोक्यावर शाल टाकून मी. तू समजावू लागलीस, सहा महिने आईचंच दूध, पाणीसुद्धा नको. मी काय सुटलो! उन्हाळ्यात लेकराचा घसा सुकतो तो तुझ्या तक्त्यात दिसतो का? पोरं आम्ही वाढवली की तुम्ही? तू थांबलीस आणि हळूच विचारलंस, आजी, तुम्हाला भीती कशाची वाटते? मी डोळा मारून म्हणालो, तुझी! सगळा वर्ग खदखदला. तू बाहुली टेबलावर ठेवलीस आणि चपला घालून चालू लागलीस.

चारचौघांत तुझी फजिती केली, हे कबूल. पण ती वाक्यं माझी नव्हती गं, माझ्या आईची होती. वहिनीचं बाळ तेव्हा पंधरा दिवसांचं. आई त्याला तासातासाला चमच्याने पाणी पाजते, मग ते दूध ओढत नाही. दवाखान्यात दाखवलं, आजार नाही, पण वजन वाढत नाही. वहिनी उशीत तोंड घालून रडते. तक्ते टांगून टांगून शहाणा झालेला मी आईवर ओरडलो, तर घरात अबोला. तुझ्यासमोर बसलो तेव्हा मला खरंच उत्तर हवं होतं. तू ते दिलंस आणि मी दात काढले.

परवा दुपारी आई वाटीत पाणी निववत होती. शेजारी बसून तुझाच प्रश्न विचारला. तिने चमचा वाटीत ठेवला. मग म्हणाली, तुझ्या दादाच्या आधी एक मुलगी होती. उन्हाळ्यात तापली, ओठ कोरडे पडले, एकविसाव्या दिवशी गेली. सगळे म्हणाले, आईने पाणी पाजलं नाही म्हणून. मला एक बहीण होती, हे मला परवा कळलं. पुढचं बोलणं मला जमणारं नव्हतं. तुला जमलं असतं.

काल आईनेच विचारलं, हा प्रश्न तुझ्या टाळक्यातला नव्हे, कुणाचा? मी तुझं सांगितलं. म्हणाली, त्या पोरीला आण. ती जवळ बसली तर दिवसभर पाणी न देता बघेन. उद्या बाळाला एकविसावा दिवस लागतो. बाई तुझी परीक्षा पुन्हा घ्यायला तयार आहेत, पण ते राहू दे. माझ्यासाठी तर येऊच नकोस. मी दिवसभर घराबाहेर थांबेन. फक्त सकाळी लवकर ये, आई वाटी भरायच्या आत.

तुझाच,
शालीतली सासू