गोल्ड कोस्टला येशील तेव्हा

स्कोफिल्ड्स, रविवार

ती. आईला मितालीचा वाकून नमस्कार.

सलिल, वेद आणि मी चार दिवस गोल्ड कोस्टला जाऊन आलो. वेदचा खोकला गेलाय, काळजी करू नकोस. तुझा गुडघा कसा आहे?

तू येशील तेव्हासाठी सांगून ठेवते. आम्ही कॅसिनोत गेलो म्हटलं की नाक मुरडू नकोस, जुगाराकडे न फिरकताही तिथे जेवता येतं, शो बघता येतो. बुफेत आधी रिकाम्या हाताने एक चक्कर मार, मगच ताट घे. पावाने पोट भरू नकोस. शोला शाल ने, एसी फार असतो म्हणे.

मागच्या वर्षी सहा महिने तू वेदला सांभाळलंस आणि आम्ही तुला मॉल आणि मंदिर सोडून काही दाखवलं नाही. "आईला असलं नाही आवडत," हे मीच सलिलला सांगितलं होतं. तुला विचारलंच नव्हतं.

आणि खरं सांगू? बुफेत, समुद्रावर, कुठेच मला तुझी आठवण आली नाही. शोला लहान मुलांना घेत नाहीत हे दारात कळलं, तेव्हा आली. वाटलं, आई असती तर वेदला तिच्याकडे ठेवून आलो असतो.

तुला शोला न्यावं, हे तेव्हाही मनात आलं नाही गं.

तुझीच,
मितू