गळक्या तळ्याची वाटणी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि पूर्ण रागात लिहून ठेवते. आईला भ्रम झाला होता असे थोरला मुलगा कोर्टात सांगणार, म्हणून डॉक्टरीणबाईंचा दाखला आधीच जोडला आहे.

१. राहते घर थोरल्याला. मोरीतला नळ गळतो, तो त्याने दुरुस्त करावा. त्याला गळती बघवत नाही.

२. टेकडीखालचे तळे, बांधासकट, धाकट्या लेकीला. हे तळे मी आणि माझ्या यजमानांनी तीन उन्हाळे खपून खणले, तेच मुळी गळण्यासाठी. पाणी जमिनीत मुरायचे आणि खाली लेकीच्या विहिरीत निघायचे. तळे लवकर कोरडे पडे, विहीर मात्र ऐन उन्हाळ्यातही आटत नसे.

थोरला शेततळ्यांना प्लास्टिक अंथरण्याचे ठेके घेतो. गेल्या वर्षी मी दवाखान्यात असताना त्याने या तळ्यालाही अंथरले. मी परतले तेव्हा तळे तुडुंब होते.

"आई, किती वर्षं गळत होतं हे! आता थेंब जात नाही बघ," म्हणाला.

"अरे शहाण्या, जायलाच हवा होता," मी म्हटले.

त्या उन्हाळ्यात लेकीची लिंबाची बाग उभी वाळली. ती सांगायला गेली तर हा म्हणतो, "पाऊसच कमी झालाय, त्याला मी काय करू?" पाऊस कमी नव्हता. लेक आता जमीन विकायचे म्हणते. तिने विकू नये. हे सगळे लिहिणे त्यासाठीच आहे.

३. पर्जन्यमापक, विहीर मोजायची गाठींची दोरी आणि एकतीस वर्षांच्या नोंदवह्या लेकीला. थोरल्याने वह्यांना हात लावू नये. एका वहीवर त्याने चहाचा कप टेकवला होता, तो डाग अजून आहे.

४. प्लास्टिक थोरल्याचे. माझ्या पश्चात महिन्याभरात त्याने ते स्वतः गुंडाळून न्यावे. न नेल्यास कलम एकमधले घरही लेकीचे.

५. शिवणयंत्र सुनेला. भरलेल्या तळ्याचा तिने कौतुकाने फोटो काढला, पण तिच्यावर माझा राग नाही. पहिल्या वर्षी तळे आटले तेव्हा, ते गळण्यासाठीच खणले हे ठाऊक असूनही, मीही यजमानांशी महिनाभर बोलले नव्हते.

६. माझ्या मरणाची वाट बघण्याइतका धीर विहिरीला नाही. म्हणून दहा दिवसांपूर्वी मी विळा घेऊन तळ्यात उतरले. मी घसरू नये म्हणून विहीर खोदणाऱ्या गड्याने माझा दंड धरला होता. हात पोचला तिथवर प्लास्टिक फाडले. महिनाभर कोरडी वर येणारी दोरी आज लेकीने सोडली, तर तीन गाठी भिजून आल्या. तिने दोरी नुसती माझ्या हातात दिली.

तळे पुन्हा का गळते, असे थोरल्याने विचारल्यास त्याला सांगावे, आईने दुरुस्त केले.

साक्षीदार: विहीर खोदणारा (सही), डॉक्टरीणबाई (सही)
ठिकाण: तळ्याचा बांध
दिनांक: १४ नोव्हेंबर, सकाळी
सही: दोघांची आई