शंतनुरावांचं बोंडलं

॥ श्री ॥

जयनगर, बेंगळूर
शनिवार, २१ सप्टेंबर १९९६

सौ. वीणाताई यांना शरयू याळगीचा सप्रेम नमस्कार.

तुमचं पार्सल गेल्या शनिवारी पोचलं. बाळंतविडा अगदी हौसेनं भरलाय. डिंक, खारीक, अळीव, बाळंतशेपा, सिद्धीची झबली-टोपडी, मुग्धासाठी पुढून उघडणारे मऊ ब्लाउज, आणि जुन्या धोतराच्या शिवलेल्या घड्या. त्या घड्या बघून मला फार बरं वाटलं. दूध झिरपून कपडे भिजतात तेव्हा बाईला काय लागतं, हे तुम्ही आठवणीत ठेवलंत. खणात गुंडाळलेलं, शंतनुरावांचं लहानपणीचं दूध पाजायचं चांदीचं बोंडलंही मिळालं. त्याची चोच अजून कशी नाजूक राहिलीय! पावडरच्या दुधाचे डबेही मिळाले. त्यांच्याबद्दल पुढे लिहिते.

सिद्धी छान आहे. आवाज केला की मान वळवते आणि हसते. गणपती साधेपणानं झाले. घरमालकीण धनलक्ष्मी-अक्का "स्वल्प सारू" म्हणत रोज साराची वाटी आणून देते, त्यामुळे माझं निम्मं जेवण तिच्याकडचंच होतं. मुलगी बाळंतपणाला माहेरी येते, इथं माहेरच पिशवी घेऊन मुलीकडे गेलं, असा ह्यांचा बेळगावहून प्रत्येक पत्रात विनोद असतो. माणसानं एक विनोद किती वेळा करावा!

तर, एक तारखेपासून मुग्धाचं ऑफिस सुरू होतंय. तिच्या मैत्रिणीनं तिला दूध काढायचा पंप आणून दिला. काचेची वाटी आणि मागे रबराचा फुगा, जुन्या मोटारीच्या भोंग्यासारखा. खरं सांगते, पहिल्यांदा बघितला तेव्हा मला शिसारी आली. गाय का म्हैस ही, म्हटलं! मग ते दूध उकळलेल्या छोट्या स्टीलच्या डब्यात भरून फ्रिजमध्ये, आणि तेही माझ्या नैवेद्याच्या दुधाला खेटून. मी नाक मुरडलं. "मुग्धे, देवाच्या दुधाजवळ नको ठेवूस," असं सगळ्यांसमोर बोलले. उचलली जीभ लावली टाळ्याला.

ऑफिसात पंप वापरायचा कुठे, विचारलं, तर म्हणाली, "आई, बाथरूममध्ये. दुसरी जागाच नाही." संगणकाच्या एवढ्या मोठ्या कंपनीत साहेबाच्या कुत्र्याला बसायला सोफा मिळेल, पण लेकराचं जेवण काढायचं ते संडासात बसून. किळस कशाची यायला हवी आणि येते कशाची, बघा.

आता तुमच्या पत्राकडे येते. तुम्ही लिहिलंय, "मुग्धाला दूधच नाही असं शंतनूनं फोनवर सांगितलं, म्हणून डबे पाठवते. महिनाअखेरीस मी येऊन बाळाला नागपूरला घेऊन जाईन, म्हणजे ती निश्चिंतपणे कामाला जाईल." तुमच्या मनात मायाच आहे, त्याबद्दल मला शंका नाही. पण ते पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. वीणाताई, तुमच्या घड्या इथं दिवसाला दोनदा धुवाव्या लागतात. दूध नाही?

लिहू की नको, असं दोन दिवस चाललंय. जावयाची तक्रार विहिणीकडे करणं मला शोभत नाही. पण आता लिहितेच.

गेल्या मंगळवारी मुग्धा डॉक्टरांकडे गेली होती. जाताना दुधाचा डबा भरून ठेवला होता. सिद्धी उठली, रडायला लागली, म्हणून मी तिला मांडीवर घेऊन शंतनुरावांना म्हटलं, तेवढा फ्रिजमधला डबा गरम पाण्यात ठेवा. ते उठले. झाकण उघडून बघितलं आणि "शी! हॉरिबल!" म्हणाले. मेलेला उंदीर धरावा तसा डबा दोन बोटांत धरून संडासात गेले आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी ते दूध ओतलं. वर पाणी सोडलं. डबा कचऱ्यात टाकला. मग साबणानं कोपरापर्यंत हात धुतले.

ते मलाच म्हणाले, "आई, तुम्हालाही चालत नव्हतंच ना? मला तर उमळून येतं. ज्या फ्रिजमधलं मी खातो त्यात हे? मी मुग्धाला किती वेळा सांगितलंय. आपली पावडर कशी, क्लीन असते." आणि तुमचा पावडरचा डबा फोडायला बसले.

मांडीवर सिद्धी रडून लाल झालेली. मला त्या क्षणी तुमच्या मुलाची इतकी किळस आली, की त्यांच्या हातचं पाणीही मी प्याले नसते. माफ करा, पण आली. गवळ्याच्या गोठ्यातलं, शेणाच्या हातांनी पिळलेलं दूध त्यांना गोड लागतं. पिशवीतलं कोणत्या गावाच्या कोणत्या म्हशीचं, देव जाणे. तेही चालतं. आणि स्वतःच्या बायकोचं, स्वतःच्या पोरीसाठी काढलेलं दूध बघून ओकारी येते! मी नाक मुरडलं होतं त्याचा त्यांनी आधार घेतला, हे तर मला अजून डाचतंय.

संध्याकाळी मुग्धाला कळलं. ती भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. रात्री म्हणाली, "आई, ते माझ्याकडेही तसंच बघतात गं. जवळ येत नाहीत. जाऊ दे, सासूबाईंना नेऊ दे सिद्धीला. सगळ्यांचीच सुटका." दुसऱ्या दिवसापासून पंप कपाटात गेलाय. अंगावर पाजते, पण अंग आखडून. पोरीचं दूध आटेल ते ह्या विटाळानं आटेल, वीणाताई, आणि मग तुमच्या मुलाचं म्हणणं खरं ठरेल.

काल मी बोंडलं घासायला घेतलं आणि मला सीमांतपूजनाची रात्र आठवली. आपण दोघी पाय चेपत बसलो होतो. तुम्हीच सांगितलं होतंत. शंतनू महिन्याचा असताना तुम्हाला विषमज्वर झाला. डॉक्टरांनी बाळ दूर ठेवायला सांगितलं. तेव्हा रेल्वे क्वार्टर्समध्ये तुमच्या शेजारी अंबूबाई होत्या, फायरमनची बायको, त्यांचंही पोर अंगावर. त्या स्वतःचं दूध पिळून बोंडलं भरायच्या आणि भिंतीवरून तुमच्या सासूबाईंच्या हातात द्यायच्या. तुमच्या सोवळ्यातल्या सासूबाईंनी जात विचारली नाही, नाक मुरडलं नाही. "म्हणून माझा शंतनू वाचला," म्हणताना तुमचे डोळे भरून आले होते.

हे शंतनुरावांना ठाऊक आहे का? मला वाटतं, नाही. मी सांगितलं तर सासूचा टोमणा होईल. तुम्ही आई आहात. तुम्ही सांगा. फोनवर नको, समोर बसवून सांगा.

तेव्हा महिनाअखेरीस नक्की या. पण सिद्धीला न्यायला येऊ नका. मी बेळगावला कळवलंय, मी इथंच राहणार. दुधाचा डबा माझ्या नैवेद्याच्या दुधाशेजारी राहील, तशी जागा मी स्वतः करून ठेवलीय. आज सकाळी मुग्धाला दाखवली. दुपारी कपाटातला पंप ओट्यावर उकळायला ठेवलेला दिसला. त्यातलं पहिलं दूध सिद्धी तुमच्या बोंडल्यानं प्याली. मिटक्या मारत प्याली.

न फोडलेले डबे परत देते. फोडलेल्यातली पावडर मी शंतनुरावांच्या कॉफीला वापरते. कॉफी छान होतेय म्हणाले.

अंबूबाई कुठे असतील तिथे त्यांना माझा साष्टांग नमस्कार कळवा.

त्यांच्या दुधावर वाढलेल्या जावयाची सासू,
शरयू