तेवढं एक बुजवू नका

कात्रप, शुक्रवार संध्याकाळ, ऑगस्ट १९९४

काशिनाथ मुकादम सोमवारी पाइलच्या, म्हणजे जमिनीत ओतायच्या काँक्रीटच्या खांबाच्या, ज्या भोकात पडला, त्यात आज काँक्रीट भरलं. त्याला वर काढेपर्यंत सगळं संपलं होतं. तोंडावरचं लोखंडी झाकण कुणीतरी चिखलात टाकलं होतं, ढकलगाड्या रुतू नयेत म्हणून. कुणी, ते कुणीच सांगत नाही.

काँक्रीट सुरू होण्याआधी त्याची बायको आली. "साहेब, तेवढं एक बुजवू नका."

काय सांगणार होतो? एक पाइल शेजारच्या पाइलला कापून त्यात शिरतो, तेव्हा कुठे तळघराच्या खड्ड्याभोवती भिंत उभी राहते. एक जरी सोडला तरी तिथून माती वाहणार, मागची चाळ खचणार. एवढंच म्हणालो, "वहिनी, मागे माणसं राहतात."

तिने मान हलवली. त्याची तंबाखूची पुडी आत सोडली आणि निघाली. चिखलात पाय रुतायला लागले तिचे. मीच म्हणालो, "इकडून या, त्या पत्र्यावरून."

ती त्यावरून चालत गेली.

पत्रा कसला. ते झाकण होतं. अजून तिथेच.